गाडी रिकामी करून द्यावी

गाडी नेणाऱ्या कंपनीकडून मोबाईलवर सूचनांची यादी आली तेव्हा मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. यादीतलं पहिलंच वाक्य होतं, ‘गाडी स्वच्छ धुऊन ठेवावी, म्हणजे आधीचे ओरखडे नीट दिसतील.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बारा वर्षं दर रविवारी ती गाडी मी माझ्या हातांनी धुतली आहे. बादली वेगळी, फडकं वेगळं, काचेचं फडकं तर कुणी चुकून हात पुसायला घेतलं तरी घरात महाभारत. बायको म्हणायची, देव्हाऱ्यातल्या देवांना एवढी आंघोळ घालत नाय तुमी. आणि हे कोण कुठले लोक मला गाडी धुवायला सांगणार, तेही ओरखडे दिसावेत म्हणून.

पुढे आणखी होतं. टाकीत पाव टाकीपेक्षा जास्त पेट्रोल नको. फास्टॅग काढून ठेवा. एकच चावी द्या. चारी बाजूंनी फोटो काढा. गाडीत वैयक्तिक सामान ठेवू नका, गाडी रिकामी करून द्यावी. आणि सगळ्यात खाली एक पिवळा हसरा चेहरा. त्या चेहऱ्याचा मला सर्वांत जास्त राग आला.

खरं सांगायचं तर राग यादीवर नव्हताच. राग पोरावर होता.

मुलगा चार वर्षांपासून कोइमतूरला आहे, पंप बनवणाऱ्या कारखान्यात. सूनही तिकडेच नोकरी करते. गेल्या वर्षी त्यांना मुलगी झाली. डॉक्टर, लशी, त्याच्या सासूबाईंकडे येणं-जाणं, त्यामुळे ते जुनी गाडी बघताहेत असं तो एकदा फोनवर सहज म्हणाला. मी म्हटलं, दुसऱ्याची जुनी कशाला बघतोस, आपली आहे की. मी रिटायर झालोय, मला कुठे जायचंय? बदलापूरच्या बाजारात भाजी आणायला गाडी लागत नाही. तू घेऊन जा. आणि लगेच पुढे म्हणालो, मीच घेऊन येतो. तू विमानाने पुण्याला ये, तिथून दोघं मिळून नेऊ. तो म्हणाला, ‘बघू.’ मी त्या ‘बघू’चा अर्थ हो असा घेतला. बापाला घ्यायचा असतो तोच अर्थ तो घेतो.

त्या दिवसापासून मी तयारीला लागलो. वहीच्या मागच्या पानावर रस्ता लिहून काढला. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग, बंगळूर, सेलम. पहिला मुक्काम कोल्हापूर, दुसरा चित्रदुर्ग, तिसरा वाटलं तर बंगळूर. कुठे मी चालवणार, कुठे तो चालवणार, तेसुद्धा लिहिलं होतं. घाटात मी, सपाटीला तो.

हे एवढं का, ते सांगतो. आमचं पोर पंधरा-सोळा वर्षांचं झाल्यावर माझ्यासमोर बसेनासं झालं. घरात मी एका खोलीत तर तो दुसऱ्या. काही विचारलं की हो, नाही, बघू. पण गाडी शिकवायला मी त्याला बारवी धरणाच्या रस्त्याला नेऊ लागलो आणि तिथे त्याला कंठ फुटला. दोघांचीही नजर समोर. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. कॉलेजात काय चाललंय, कुठला विषय राहिलाय, कुठली मुलगी आवडते, सगळं त्याने मला तिथे पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये सांगितलं. गेटच्या खांबाला डावीकडचा दरवाजा घासून त्याने पहिला पोचा पाडला तेव्हा मी ओरडलो नाही, हे बायको अजून चारचौघांत सांगते. तो पोचा मी कधी काढून घेतला नाही.

तर मला तीन दिवस पाहिजे होते. फक्त तीन दिवस, गाडीत, शेजारी शेजारी. हे मी त्याला सांगितलं नाही. सांगायची गोष्ट आहे का ती?

महिनाभराने त्याचा फोन आला. म्हणाला, पप्पा, बुकिंग केलंय, बंद ट्रकमधून गाडी नेतात, घरून उचलतात आणि घरी आणून देतात. मी म्हटलं, आणि आपलं ठरलं होतं ते? तो म्हणाला, या वयात तीन दिवस ड्रायव्हिंग कशाला, मला रजापण नाही. आणि वर अगदी प्रेमाने म्हणाला, ‘तुम्हाला काहीच करायला लागणार नाही.’

मला काहीच करायला नको, असं मी कधी म्हणालो होतो? तीस वर्षं अंबरनाथ एमआयडीसीत बॉयलरवर काढली. बाकीचे शिफ्टला शेअर रिक्षातून कोंबून यायचे. मीही वीस वर्षं तसाच आलो, आणि मग ही गाडी घेतली. मोरिवलीच्या आमच्या जमिनीत आजोबांच्या काळात भात व्हायचा, तिथे आता कारखान्यांची कुंपणं आहेत. त्याच कुंपणाबाहेर मी माझी गाडी लावायचो. लावताना दरवाजा जरा जोरात बंद करायचो, हेही कबूल करतो. अशा माणसाला काहीच करायला लागणार नाही, हे कौतुक की शिक्षा?

फोन ठेवला आणि मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि उल्हासनगरला कॅम्प चार नंबरात आमच्या मेकॅनिककडे गेलो. म्हातारा सिंधी माणूस, गाडी घेतल्यापासून त्याच्याशिवाय कुणाचा हात बोनेटखाली गेलेला नाही. त्याच्याकडून मी सगळं करून घेतलं. ब्रेक, क्लच प्लेट, कूलंट, पट्टे, पुढचे दोन टायर नवे, अलाइनमेंट. ट्रकवर चढवायच्या गाडीला यातलं काहीही लागत नाही. रॅम्पवर चढण्यापुरती चालू झाली तरी पुरे. पण मी हट्टाला पेटलो होतो. गाडी अशी तयार करायची की ती इथून कन्याकुमारीपर्यंत धावेल, आणि मग ती ट्रकमध्ये बसवायची. पोराला कळलं पाहिजे.

म्हाताऱ्याने सगळं मुकाट्याने केलं. शेवटी हात पुसत म्हणाला, ‘साईं, इतना सब करवाया, तो खुद चला के ले जाओ ना. सोने के लिए तैयार किया क्या इसको?’

त्याच्यावरही मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला काय करायचंय, तुमचं काम झालं. तो हसला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. मला तिथून घरी येईपर्यंत सिग्नलवरच्या प्रत्येक माणसाशी भांडावंसं वाटत होतं, आणि दोघांशी मी भांडलोही.

मग गाडी रिकामी करायला घेतली. बारा वर्षांत गाडीत किती काय साठतं. छत्री, चष्म्याचं रिकामं घर, टोलच्या विटलेल्या पावत्या, उलटी होईल म्हणून ठेवलेल्या पिशव्या, लग्नातल्या अक्षता सीटच्या फटीत. डॅशबोर्डवरची एकवीरा आई मी काढायला गेलो तर बायको मध्ये आली. ती म्हणाली, देवीला कशाला उतरवता, एवढ्या लांब पोरं एकटी. मी म्हटलं, यादीत लिहिलंय, गाडीत ठेवलेलं काही हरवलं तर कंपनी जबाबदार नाही. ती म्हणाली, देवीला कोण हरवणार? मी म्हटलं, हे तू त्या कंपनीला फोन करून विचार. आणि देवी काढली. काढताना डिंकाचा डाग राहिला आणि तो घासण्यात माझा अर्धा तास गेला. बायको तोवर आत जाऊन भांडी आपटत होती.

न्यायच्या आदल्या दिवशी कंपनीतून एका बाईचा फोन आला. आमचा ड्रायव्हर येऊन गाडी घेऊन जाईल म्हणाली. मी म्हटलं, ट्रक कुठे उभा आहे ते सांगा. तेव्हा कळलं की ट्रक बदलापूरला कुळगावच्या आमच्या गल्लीत शिरूच शकत नाही. तो मोरिवलीजवळ एमआयडीसीच्या रस्त्याला थांबणार, ड्रायव्हर रिक्षाने येऊन गाडी तिथवर नेणार. म्हणजे घरून उचलतात हीसुद्धा थापच. मी म्हटलं, कुणी यायची गरज नाही, गाडी मी आणून देतो. ती म्हणाली, सर, तुम्ही कशाला त्रास घेता. मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निघालो. बायको चांगली साडी नेसून, हातात नारळ घेऊन शेजारच्या सीटवर येऊन बसली. मी म्हटलं, तू कुठे? ती म्हणाली, येते सोडायला. मी म्हटलं, सोडायला म्हणजे, माणूस चाललाय का कुणी? तिने नारळ मांडीवर घेतला आणि दार ओढून घेतलं. मी गाडी काढली. नव्या टायरवर गाडी इतकी मऊ चालली होती की मला आणखीच वाईट वाटत होतं. अंबरनाथपर्यंतचा रस्ता त्या दिवशी मुद्दाम मोकळा ठेवल्यासारखा होता.

ट्रक उभा होता. आत दोन गाड्या आधीच चढलेल्या. कंपनीचा माणूस पस्तिशीचा असेल, गळ्यात ओळखपत्र. त्याने गाडीभोवती फिरून फोटो काढायला सुरुवात केली. मागच्या बंपरवरची रेघ, उजव्या चाकाच्या कव्हरवरचा ओरखडा. डाव्या दरवाज्याच्या पोच्यापाशी तो वाकला आणि मोबाईलवर बोट दाबत ‘मेजर डेंट’ असं मोठ्याने म्हणाला. मी म्हटलं, तो मेजर नाही. तो म्हणाला, सर, फॉर्ममध्ये मायनर आणि मेजर असे दोनच ऑप्शन आहेत. मी म्हटलं, मग माझ्या पोराने पाडलेला असा एक ऑप्शन घाला. त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं लोक बँकेत म्हाताऱ्यांकडे बघतात.

बायकोने पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. तोवर त्याने डिकी उघडली. स्टेपनी आहे की नाही, जॅक आहे की नाही हे बघायचं असतं म्हणाला. डिकीतला गालिचा उचलला, स्टेपनीवरची फळी वर केली, आणि तिथेच थांबला. नाकाला हात लावला.

स्टेपनीच्या चाकाच्या मधल्या पोकळीत तीन पिशव्या होत्या. प्रत्येक पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती तिसरीत, वर सुतळी. तांदळाचं पीठ, घरचा मसाला, आणि तिसऱ्या मोठ्या पिशवीत सुकट, सोडे आणि बोंबील.

आता हे सांगायला हवं की माझ्या गाडीत सुकी मासळी चढत नाही. आम्ही आगरी, घरात सुकट नसली तर जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. पण गाडीत नाही. सीटच्या कापडात तो वास बसला की जात नाही, असा माझा नियम होता आणि बारा वर्षांत तो मोडलेला मी पाहिला नव्हता. आणि आमच्याकडे दुसराही एक नियम आहे, तो माझ्या आजीच्याही आधीचा. मुलाकडे किंवा लेकीकडे काही पाठवायचं तर ते रिकामं पाठवत नाहीत. डबा, पिशवी, टोपली, काहीही असो, त्यात मूठभर तरी काही घालतात. बायकोच्या लेखी ही गाडी म्हणजे एक मोठी टोपली होती, आणि मी ती धुऊनपुसून रिकामी करून बसलो होतो.

तो माणूस म्हणाला, ‘सर, फूड आयटम अलाउड नहीं है. बंद ट्रक है, दूसरी गाड़ियों में भी स्मेल जाएगा.’ अगदी सभ्यपणे म्हणाला. तो उर्मटपणे बोलला असता तर माझा राग त्याच्यावर निघाला असता आणि पुढचं टळलं असतं. पण तो सभ्यपणे बोलला, ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून बघू लागला, आणि मी बायकोवर ओरडलो. भर रस्त्यात, कारखान्याच्या गेटसमोर. अक्कल आहे का, म्हटलं. यादी वाचून दाखवली नव्हती का, म्हटलं. चार माणसांत लाज काढलीस, उन्हात आठ-दहा दिवस गाडीचं काय झालं असतं, तुझ्या सुकटीपायी पोराची गाडी इथूनच परत पाठवतील. आणखीही बोललो. महिनाभर जे कोइमतूरला बोलायचं होतं ते सगळं मी मोरिवलीला तिला बोललो.

ती ऐकून घेत होती. माझं संपल्यावर पदर सारखा करून म्हणाली, ‘तुमी नाय जात, मी नाय जात. सुकट तरी जाऊ दे.’

मी आणखी चिडलो. तिन्ही पिशव्या उपसून काढल्या आणि तिच्या पायाशी ठेवल्या. त्या माणसाला म्हटलं, झाली रिकामी, लिहा. त्याने लिहिलं. मोबाईलच्या काचेवर बोटाने माझी सही घेतली, ती माझ्या सहीसारखी अजिबात आली नाही. चावी घेतली. त्यांचा ड्रायव्हर माझ्या गाडीत बसला, सीट मागे सरकवली आणि गाडी रॅम्पवरून एका झटक्यात वर नेली. मी ब्रेकचं, क्लचचं काही सांगायच्या आत.

परतताना शेअर रिक्षा मिळाली. शिफ्ट सुटली होती, पुढेही दोघे, मागेही आम्ही चार. बायकोच्या मांडीवर तिन्ही पिशव्या. उन्हाने वास सुटला होता. एक पोरगा तोंडाला रुमाल लावून बाहेर बघत राहिला. एरवी मी त्याला दोन शब्द ऐकवले असते. पण माझ्या डोक्यात तिचं ते वाक्य अडकलं होतं. तुमी नाय जात, हे ठीक. मी जाणार नाही हे तर मला टोचतच होतं. पण मी नाय जात? ती जाणार होती कधी? माझ्या वहीत मुक्काम होते, पेट्रोल पंप होते, घाट कुणी चालवायचा ते होतं. पाच माणसांची गाडी, आणि माणसं दोनच लिहिली होती. तिने एकदा मला वही उघडी असताना विचारलं होतं की कोल्हापूरला अंबाबाईचं देऊळ रस्त्यातच लागतं का. मी म्हटलं होतं, आपल्याला वेळ नसणार. ‘आपल्याला’ म्हणजे मला आणि पोराला. तिला वाटलं असणार, त्यात तीही आहे.

घरी आल्यावर तिने पिशव्या सोडल्या आणि सुकट परत बरणीत भरली. त्या आठवड्यात दोनदा सुकटीचं कालवण केलं. मी जेवलो.

दहाव्या दिवशी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. गाडी त्यांच्या बिल्डिंगखाली उभी होती. धुळीने माखलेली, पण धड. मी विचारलं, बंपर? ठीक. आरसे? ठीक. सुरू होताना आवाज येतोय का? नाही पप्पा, लोण्यासारखी चालतेय, तुम्ही काय काय करून घेतलंय हिला. हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. मोबाईल हातात धरून तो गाडीभोवती फिरत होता. मागे गेला, डिकी उघडली, गालिचा बाजूला केला आणि स्टेपनीवरची फळी उचलली. आत वाकून बघितलं. मग चाकाच्या पोकळीत हात घालून चाचपलं.

‘पप्पा,’ तो म्हणाला, ‘आईने काही दिलं नाही?’

मी विचारलं, तुला कसं माहीत तिथे काही असेल?

तो हसायला लागला. म्हणाला, आईची जागा आहे ती. पुण्याला हॉस्टेलवर तुम्ही मला सोडायला यायचात ना, तेव्हापासून. तुम्हाला गाडीत चालत नाही म्हणून ती आदल्या दिवशी तिथे ठेवायची. तुम्ही मेसवाल्याशी पैशांचं बोलायला आत गेलात की मी काढून घ्यायचो. चार वर्षं, दर वेळी. तुम्ही एकदा म्हणालातसुद्धा की खिडक्या लावा, एमआयडीसीची घाण हवा येतेय. तेव्हा आम्ही दोघं मागे तोंड दाबून बसलो होतो.

दर रविवारी धुतलेली गाडी. तिचा एकेक स्क्रू मला माहीत आहे असं मी चारचौघांत सांगायचो. आणि माझ्या पाठीमागे दोन हातांवर त्या दोघांचा एक अख्खा संसार चालला होता, ज्याचा मला वास आला होता पण पत्ता नव्हता.

मी म्हटलं, तिने दिलं होतं. मीच काढलं. रस्त्यात, सगळ्यांसमोर, तिला बोल लावून काढलं.

तो म्हणाला, ‘असू दे पप्पा.’ मागून मुलीच्या रडण्याचा आवाज आला आणि त्याने फोन ठेवला.

बायको आतल्या दारापाशी तांदूळ निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं, मोबाईलचा आवाज मी नेहमी मोठाच ठेवतो. मी कुणावर तरी चिडायला बघत होतो. कंपनीवर चिडून झालं होतं, पोरावर झालं होतं, मेकॅनिकवर, सिग्नलवरच्या माणसांवर, सगळ्यांवर. उरलो होतो तो मीच, आणि स्वतःवर ओरडायची मला सवय नाही. मग तिला म्हटलं, ‘आपण दोघं जाऊ या का कोइमतूरला? रस्त्यात कोल्हापूर करू. तुझं अंबाबाईचं दर्शनही होईल.’

तिने ताटातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

‘आता?’ ती म्हणाली. ‘कशातनं?’